देवाला सोडलेली

जिभेला हाड नसतं म्हणतात, ते उगाच नाही. आसरेवाडीच्या सुभेदार मानसिंगनं अख्खी नोकरी तोंडातून वावगा शब्द न काढता केली, आणि पेन्शनीत येऊन एका शब्दात सापडला. शब्द तरी केवढा? सोडली. आपण बैल सोडतो, पाणी सोडतो, वेळेला एसटीही सोडतो, तसलाच तो. पण त्याची आठवण निघाली की मानसिंग आजही हातातला चहा खाली ठेवतो, आणि तो चहा मग तसाच गार होतो.

गळाचा नाद त्याला अरुणाचलात लागला. तिथं त्याचे कॅप्टनसाहेब सुट्टीच्या दिवशी रॉड घेऊन नदीवर बसायचे, चांगले मोठाले महाशीर मासे ओढून काढायचे आणि परत पाण्यात सोडून द्यायचे. पहिल्यांदा मानसिंगला वाटलं, साहेबाचं डोकं फिरलं असणार. खायचा नाही तर धरायचा कशाला? पुढं साहेबानंच एकदा रॉड त्याच्या हातात दिला, आणि गडी कामातनं गेला. मासा दमवायचा, जवळ घ्यायचा, प्रवाहाकडं तोंड करून दोन्ही हातांत पाण्यातच धरून ठेवायचा. त्याच्यात जोर आला की तो एक झटका देतो आणि जातो. त्या झटक्यात काय सुख आहे, ते घेतल्याशिवाय कळायचं नाही.

पेन्शनीत आला तसा तो आसरेवाडीला कोयनेकाठी बसायला लागला. ऊस धाकट्या भावानं बघायचा, ह्यानं डोह बघायचा. गावाखाली नदी वळते तिथं हा डोह आहे. उन्हाळ्यात नदी कितीही आटली तरी डोहाचा तळ कुणी पाहिलेला नाही, आणि काठावरच शेंदूर फासलेला म्हसोबा आहे. मानसिंगची बायको अंबूबाई भाकरी घेऊन तिथवर यायची आणि म्हणायची, "एवढा येळ बगळा बी बसत न्हाई. आन् त्यो निदान पोट तरी भरतोय."

तिथंच त्याला अपूर्वा भेटली. सांगलीला विश्रामबागेतल्या एका कॉलेजात ती शिकवायची आणि नदीतल्या माशांचा अभ्यास करायची. तिनं गळाचे शौकीन जमवले होते: कराडचा एक दातांचा डॉक्टर, कुपवाडच्या कारखान्यातले दोघं टर्नर, मलकापूरचा एक मोबाईलवाला, आणि आता हा सुभेदार. पैसे नाहीत, पगार नाही, हौसेचं काम. गळाचा उलटा काटा घासून काढायचा, म्हणजे माशाचं तोंड फाटत नाही. महाशीर लागला की ओल्या पोत्यावर घ्यायचा, मापायचा, पाठीवरच्या पराजवळ सुईनं एक पिवळा दोरा टोचायचा आणि सोडायचा. दोरा म्हणजे प्लॅस्टिकची बारीक नळी. तिच्यावर माशाचा नंबर आणि अपूर्वाचा फोन. पुन्हा कुणाच्या गळाला तोच मासा लागला, की तो कुठं गेला होता, किती वाढला, हे कळतं.

"मला एवढंच दाखवायचंय काका," अपूर्वा म्हणाली होती, "की पावसाळ्यात हे मासे अंडी घालायला वर जातात आणि परत ह्याच डोहात येतात. ते दाखवता आलं, तर हा डोह राखीव करून मागता येईल. जाळं नाही, सुरुंगाचे बार नाहीत."

पहिल्याच हिवाळ्यात मानसिंगच्या गळाला ती लागली. चांगली दीड हात लांब, सोन्याच्या पाण्यातनं काढल्यासारखे खवले, आणि ताकद अशी की सुभेदाराला गुडघाभर पाण्यात उतरवलं. ओल्या पोत्यावर घेऊन त्यानं तिला दोरा टोचला. सोडल्यावर ती लगेच गेली नाही, त्याच्या पायांपाशी घुटमळली आणि मग खाली उतरली. पाठीवर पिवळा दोरा, म्हणून तो तिला पिवळी म्हणायला लागला.

पुढचा पावसाळा गेला. नदी फुगली, डोह बुडाला, ओसरला. आणि ऐन दिवाळीत तीच पिवळी परत त्याच्या गळाला! दोऱ्यावर शेवाळ चढलं होतं आणि ओठावर गेल्या खेपेच्या गळाचा पांढरा ठिपका पडला होता. मानसिंगनं तिथूनच फोन लावला. पलीकडं अपूर्वा अशी ओरडली की त्यानं फोन कानापासून लांब धरला.

"काका, अजून एक पावसाळा! पुढच्या दिवाळीला ही परत इथंच सापडली, तर मग आपल्याला कुणी नाही म्हणणार नाही. तेवढी जपा हं तिला."

"जपतो की," सुभेदार म्हणाला. "पोरीसारखी जपतो."

आता जपायची म्हणजे गावापासून. गावातली पोरं डोहात जाळं लावायची, कधी विहिरीच्या कामाचा सुरुंग पैदा करून बार उडवायची. त्यांचा म्होरक्या शिवतेज. बनुबाईचा नातू. आईबाप लहानपणीच गेले, आजीनं लोकांच्या रानात भांगलून वाढवला. पोरगं वाईट नव्हतं. फौजेच्या भरतीच्या मागं होतं आणि रोज पहाटे मानसिंगच त्याला पळवत होता. पण पळून आलं की भूक लागते, आणि डोह वाटेतच होता.

अपूर्वा म्हणाली, "मी येते काका. पारावर सगळ्यांना बसवू, बायामाणसांनाही. फोटो दाखवू, खरं काय ते सांगू."

"आवं म्याडम, तुमी आमची मानसं वळखत न्हाई," मानसिंग हसून म्हणाला. "गाढवापुढं वाचली गीता, कालचा गोंधळ बरा होता. त्यास्नी काय कळायचं त्यातलं?"

मुंबई-पुण्याच्या माणसानं असं म्हटलं असतं, तर ह्यानंच त्याची गचांडी धरली असती. पण जग बघून आलेल्या माणसाला आपलं गाव एवढंसं दिसायला लागतं, त्यातला प्रकार.

आणि मग माघात तो दिवस आला. मानसिंग डोहावर पोचतो तो शिवतेज आणि त्याचे सोबती कमरेएवढ्या पाण्यात, आणि जाळ्यात पिवळी. उन्हात तिचा दोरा चमकत होता. काठावर बनुबाई शेळीला पाणी पाजायला आलेली.

"सोडा तिला!" मानसिंग ओरडला.

"का वं आबा?" शिवतेज हसत म्हणाला. "तुमी धरून सोडायची, आमी धरून खायाची. ज्येचा त्येचा नाद."

सगळी पोरं खिदळली. मानसिंगनं दरडावलं, विनवलं, पोलिसांची भीती घातली. पोरं ऐकत होती आणि जाळं आवळत होती. पिवळीचे कल्ले उघडझाप करायला लागले. तिथं सुभेदाराचा तोल गेला आणि तोंडाला येईल ते तो बोलून गेला:

"आरं भाड्यांनो, द्येवाला सोडलीय ती! म्हसोबाला! दोरा दिसत न्हाई व्हय पाठीवर?"

झालं. हसणं जागच्या जागी थांबलं. शिवतेजनं जाळ्याची कड खाली केली आणि पिवळी गेली. एकानं तर पाण्यातच कानाला हात लावले. बनुबाईनं शेळीची दोरी काखेत धरून म्हसोबाकडं बघत हात जोडले.

सुभेदार छाती फुगवून घरी आला. महिनोन् महिने पोरांवर ओरडून जे झालं नव्हतं, ते एका वाक्यात झालं! त्या दिवसापासून डोहात जाळं पडलं नाही, बार उडाला नाही. बायका पिवळीला चुरमुरे टाकायला लागल्या. अंबूबाईनंही एकदा पीठ मळून गोळ्या टाकल्या. तिलाही त्यानं खरं सांगितलं नाही. बाईच्या तोंडात तीळ भिजत नाही, असा त्याचा हिशेब. आणि स्वतःच्या तोंडाचं काय, हे त्याला कोण विचारणार?

त्यानं अपूर्वाला मोठ्या कौतुकानं फोनवर सांगितलं.

"काका, खरं सांगितलं असतं तर बरं झालं असतं."

"आवं, काम झाल्याशी मतलब! म्हसोबाच्या नावानं जे हुतंय, ते दहा पाट्या लावून हुयाचं न्हाई."

ह्या गड्याचा जन्म आसरेवाडीचा. देवाला सोडलेलं जनावर म्हणजे काय, हे त्याला कुणी शिकवायला नको होतं. नवसाचं बोकड कानाला खूण करून देवाच्या नावानं सोडतात. ते कुणाच्याही शेतात चरतं, कुणी हाकलत नाही, कुणी काठी मारत नाही, सगळं गाव त्याला चारतं. आणि जत्रा आली की तेच बोकड वाजतगाजत देवापुढं नेऊन कापतात. मानसिंगनं लहानपणापासून असल्या किती बोकडांचा रस्सा भुरकला असेल! पण त्याला त्यातलं अर्धंच आठवलं. हात लावत नाहीत, हे आठवलं. का लावत नाहीत, हे नेमकं विसरला.

इकडं बनुबाईनं पिवळी जाळ्यातनं सुटली त्याच दिवशी डोहाकाठी नवस बोलला होता: माझा शिवतेज भरतीत निघू दे, तुझी तुला वाजतगाजत पोचती करीन. तिनं तो कुणापासून लपवला नाही. पण मानसिंगनं ऐकलं तेव्हा त्याला वाटलं, खणा-नारळाचं काहीतरी असेल. वैशाख उजाडायच्या आत निकाल लागला, आणि पोरगं फौजेत निवडलं गेलं. शिवतेज पेढे घेऊन आला, सुभेदाराच्या पायांवर डोकं ठेवलं. मानसिंगनं त्याला उठवून मिठीच मारली. त्या दिवशी त्याच्याइतका सुखी माणूस आख्ख्या पंचक्रोशीत नव्हता.

म्हसोबाची जत्रा वैशाखात, गावातल्या त्याच्या देवळापुढं. पहिल्या दिवशी पोळीचा गोडा नैवेद्य, दुसऱ्या दिवशी खारा, मटणाचा. नेमका त्याच दुसऱ्या दिवशी सांगलीला अपूर्वानं सगळ्या गळकऱ्यांचा मेळावा ठेवला होता, आणि सुभेदाराचा सत्कार होता.

"जत्रंच्या दिशी कुठं निगालासा?" अंबूबाई फणकारली. "पावणं दारात, आन् घरधनी मासं सांगाय सांगलीला!"

"जेवायच्या येळंला माघारी हाय गं."

कॉलेजच्या हॉलमध्ये शिरताना सगळ्यांना फोन बंद करायला सांगितलं. शिस्तीचा माणूस, त्यानं सगळ्यांच्या आधी केला. शाल मिळाली, नारळ मिळाला, पडद्यावर पिवळीचा हा एवढा मोठा फोटो दिसला. बोलायला उभा राहिला तेव्हा त्याला गहिवरून आलं. "आमच्या गावात त्या माशाला कोन बोट लावत न्हाई," तो म्हणाला. "आख्खं गाव राखन करतंय." टाळ्या वाजल्या. अपूर्वानं मात्र खाली बघितलं. मानसिंगला ते दिसलं, पण शाल खांद्यावर असली की माणूस असल्या गोष्टी फार मनावर घेत नाही.

परत येताना फोन चालू करायचंही भान राहिलं नाही. गावात शिरला तेव्हा उन्हं कलली होती. चुलाणावर रस्सा रटरटत होता, पोरं पिपाण्या वाजवत होती. देवळासमोर नाथाजी गुरव भेटला. लंगोटीयार.

"कुठं हुतास गड्या? तुझ्या मानाचं काढून ठिवलंय. बनुकाकी तुझ्या घरी बसलीया."

मानाचं म्हणजे मुंडकं. जनावर देवाला ज्यानं सोडलं, मुंडक्याचा मान त्याचा. ही आसरेवाडीची रीत. मानसिंगला वाटलं, कुणाच्या बोकडाचा मान आपल्याला? मी कधी बोकड सोडलं? असं मनाशी म्हणता म्हणता तो मधेच थांबला, आणि मग घराकडं भराभर चालायला लागला. घर चार पावलांवर होतं, पण ती चार पावलं काही संपेनात.

पडवीत बनुबाई नवं लुगडं नेसून बसली होती. शेजारी शिवतेज. पुढं ताटावर कोरा खण झाकलेला. मानसिंगला बघून म्हातारी उठली, ताट दोन्ही हातांनी त्याच्यापुढं धरलं आणि खण काढला.

हळदी-कुंकू लावलेलं महाशीरचं मुंडकं होतं. ओठावर गळाचा पांढरा ठिपका.

मानसिंगनं शिवतेजकडं बघितलं. पोराच्या मनगटाला पिवळा दोरा बांधला होता. नंबर वरच्या बाजूला होता, नीट वाचता येत होता.

"बेळगावला ट्रेनिंगला जाताना हातात असावा म्हनून आजीनं बांधला," शिवतेज लाजत म्हणाला. "द्येवाचा हाय न्हवं."

"लय शांत हुती रं," बनुबाई सांगायला लागली. आनंदानं तिचा आवाज चिरकत होता, पण मधेच खाली उतरला. "चुरमुरं टाकलं तशी काठाला आली, जाळ्यात घेतली. घंगाळात पानी घालून जितीच आनली, हलगी लावून. पर येक सांगू का मानसिंगा? माझा हात मागं आला हुता. प्वाट तटतटलेलं तिचं. म्या नाथाजीला म्हनलं, ही पोटुशी दिसतीया. पोटुशा जिवाला कोन सुरी लावतं व्हय? सोडू माघारी, द्येव काय रागवायचा न्हाई, नारळ फोडू. नाथाजीला बी पटलं हुतं. सगळ्यास्नीच पटलं."

"मग?" मानसिंगनं विचारलं.

"मग काय? नाथाजी म्हनला, सोडली सुभेदारानं, त्याला इचारल्याबिगार आपुन कसं ठरवायचं? तुला फोन लावला, परत परत लावला. लागंना. नाथाजी म्हनला, त्यो गडी शब्दाचा पक्का, त्याच्या माघारी त्याचा शब्द नको मोडाय." तिनं पदरानं डोळे टिपले. "वंजळभर गाभोळी निगाली बग. पिवळीधमक. म्या काय ती खाल्ली न्हाई. डोहात सोडून आले."

मेलेल्या माशाची अंडी पाण्यात सोडून काय होणार? काही होत नाही. पण ते तिला सांगायचं धारिष्ट मानसिंगला झालं नाही. तो पडवीच्या कडेला खालीच बसला, शाल खांद्यावरून घसरली. अंबूबाई पाणी घेऊन धावली. आणि मग, इतक्या महिन्यांनी, त्यानं सगळं सांगितलं. दोरा कशाचा, नंबर कशाला, अपूर्वाला काय दाखवायचं होतं, अजून एकच पावसाळा कसा उरला होता. म्हसोबाचा तिच्याशी काही संबंध नव्हता आणि आपण खोटं बोललो, हेही. बोलायला चहा प्यायला लागतो तेवढाही वेळ लागला नाही. एवढंच तर होतं सगळं.

शिवतेज मनगटावरच्या दोऱ्याकडं बघत राहिला. पुढची दिवाळी, पुढचा पावसाळा, हे त्या पोराला एका बैठकीत कळलं. डोळ्यांतनं दिसत होतं.

बनुबाईनं ताट हळूच खाली ठेवलं आणि खण परत झाकला.

"मग आसं सांगायचं हुतं की रं लेकरा," ती म्हणाली. "पोटुशीला हात लावू नगासा, ती वर जाऊन व्याती आन् माघारी हितंच येती, एवढं म्हनला आसतास तर झालं आसतं. म्या सोता राखन बसले आसते डोहावर. एवढं आमाला बी कळतंय."

तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं, असं मानसिंगला वाटलं.

शिवतेज दोरा सोडायला लागला. आजीनं गाठ घट्ट मारली होती, दातानं सोडवावी लागली. त्यानं तो मानसिंगच्या हातात ठेवला आणि आजीला धरून घरी घेऊन गेला. देवळाकडं हलगी वाजतच होती.

मानसिंगनं फोन चालू केला. नाथाजीचे न लागलेले कॉल एकाखाली एक दिसायला लागले. त्यानं ते खाली सारले आणि अपूर्वाला लावला.

"काका! पोचलात?" तिकडं दुपारभर चाललेल्या मेळाव्याची आवराआवर चालू असावी, खुर्च्यांचे आवाज येत होते. "आज सगळे तुमच्या पिवळीबद्दलच बोलत होते."

"पिवळी गेली, म्याडम."

खुर्च्यांचे आवाज लांब गेले. ती बाहेर आली असावी.

"कुणी मारली?"

मानसिंगनं झाकलेल्या ताटाकडं बघितलं. शिवतेजचं नाव सांगता आलं असतं, नाथाजीचं सांगता आलं असतं, म्हसोबाचंही सांगता आलं असतं.

"म्या," तो म्हणाला. आणि मग, "तुमी या म्याडम. पारावर बसवू समद्यास्नी. ही मानसं ऐकत्यात. मीच त्यास्नी कवा काय सांगितलं न्हाई."